खाटेवरचा नवरा

चष्म्यांचं दुकान बंद करून नवरा घरी आला, तेव्हा बायको ताटं वाढता वाढता आठ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं कौतुक सांगू लागली. ती नर्स. नोकरी सांभाळून चाळिशीत एम.एस्सी. करत होती, तेही पॅलिएटिव्ह केअरमध्ये. म्हणजे जे दुखणं बरं होणार नाही, त्यातल्या माणसाचे उरलेले दिवस सुखात कसे जातील, याचं शिक्षण.

"आज तासभर बसले त्यांच्याजवळ. हात हातात घेतला, तर काय सांगू, मनातलं सगळं बोलले हो!"

"माझा गुडघा सकाळपासून ठणकतोय," नवरा म्हणाला.

"मलम लावा."

नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मरणाच्या दारातल्या माणसावर जळू नये हे त्याला कळत होतं, पण वळत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या मनात काय आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

संधी आपल्या पायानं चालत आली. या शिक्षणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत खाटेवर खोटा रुग्ण निजवतात आणि विद्यार्थिनीनं त्याला बोलतं करायचं असतं. दरवर्षी निजणाऱ्या रिटायर्ड हेडक्लार्कची ऐन वेळी कंबर धरली. बायकोची मैत्रीण कॉलेजात परीक्षेची व्यवस्था बघायची. तिचा फोन आला, बायको आंघोळीला गेली होती, नवऱ्यानं उचलला.

"मी निजतो की!"

"अहो भावजी, नात्यातला माणूस चालत नाही."

"परीक्षक बाई बाहेरगावच्या. त्यांना कोण सांगतंय?"

मैत्रीण अडलेली होती. अडला हरी, दुसरं काय! बायकोला मात्र नवऱ्यानं पत्ता लागू दिला नाही.

परीक्षेच्या दिवशी बायकोचा नंबर आला. तिनं पडदा सारला आणि गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेला स्वतःचा नवरा पाहिला. ती तोंड उघडणार, तोच परीक्षक बाई म्हणाल्या, "करा सुरुवात. घड्याळ लावलंय."

बायकोनं खाटेशी बसून त्याचा हात हातात घेतला. "कसं वाटतंय, काका?"

काका! नवरा तिथंच अर्धा खचला. पोटाच्या कॅन्सरचं पाठ केलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "घरी माझं कुणी ऐकत नाही."

रुग्णाचं बोलणं खोडायचं नाही, आपली बाजू मांडायची नाही, हा तिथला पहिला नियम. दातओठ खात बायको म्हणाली, "कुणी ऐकत नाही, असं वाटतं तुम्हाला."

"वाटत नाही, तसंच आहे. बायको जगाची विचारपूस करते आणि मला मलम लावायला सांगते."

"फार जड जात असेल हे," म्हणत तिनं त्याचा हात असा काही दाबला, की तो "आई गं!" म्हणून कळवळला. परीक्षक बाईंनी कौतुकानं मान डोलावली. इतका जिवंत अभिनय त्यांनी पाहिला नव्हता.

मग बायकोनं पुस्तकातला शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

नवऱ्यानं यासाठी एक झणझणीत टोमणा तयार ठेवला होता. तो बाहेर आलाच नाही. छताकडे बघत तो म्हणाला, "मी खरंच असा पडेन, तेव्हा तू दुसऱ्याच कुणाच्या तरी उशाशी असशील."

हातावरची पकड सैल झाली. "काहीतरी बोलू नका," ती म्हणाली. "मी असेन ना. कुठ्ठंही जाणार नाही मी."

"थांबा!" परीक्षक बाई उठल्या. "सगळं छान चाललं होतं, आणि शेवटी रुग्णाला खोटं आश्वासन? हेच करायचं नाही म्हणून शिकवतो ना आम्ही?"

"खोटं नाही, मॅडम," पदरानं डोळे पुसत बायको म्हणाली. "नवरा आहे माझा."

परीक्षा अर्थातच रद्द झाली. बोलणी खाऊन झाल्यावर नवऱ्याला बाहेर काढलं आणि खाटेवर कॉलेजच्या वॉचमनला निजवलं. बाहेरच्या बाकावर नवरा बराच वेळ एकटाच हसत होता. मग आतून बायकोचा मऊ आवाज आला, "बोला काका, मी ऐकतेय," आणि वॉचमन जो सुरू झाला, तो थांबेचना. नवऱ्यानं उठून दार ठोठावलं आणि विचारलं, "अजून किती वेळ लागेल हो यांना मरायला?"