परबकाकांची पाच माणसं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका लग्नाच्या आहेरात सीडी देतात. माझ्या लग्नातही दिली. बायकोला वाटलं, गाणी असतील. आमच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून बिचारी वाचली.

सीडीत असते काकांची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हो! प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी उचलून आपल्या प्रोग्राममध्ये टाकावा असा तयार कोड. आकडा दिला की तो मराठीत अक्षरी लिहून देतो. ५९ दिलात, एकोणसाठ. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी रिटायर झाल्यापासून हा माणूस एकटा घरात बसून बोटं झिजवतोय, आणि ही लायब्ररी इंटरनेटवरही ठेवलीय, ज्याला हवी त्याने घ्या. जगाचं काय अडलं होतं, देव जाणे.

"फुकट ठेवलीत?" मी एकदा विचारलं.

"फुकट म्हणा नको रे. फुकट भांडणां गावतत. ह्यां मोफत."

एकदा त्यांना शंका आली, 'एकोणसाठ' बरोबर की 'एकूणसाठ'? झालं! आठवडाभर गेटवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, "साठाच्या आधी काय?" वॉचमन म्हणाला, "उनसठ." त्याच्याशीही अर्धा तास वाद घातला. शेवटी दोन्ही शब्द ठेवले आणि खाली पानभर टीप लिहिली. ती टीप वाचणारा अजून जन्माला यायचाय.

मग नोटीस बोर्डावर कागद लावला : 'मोफत लायब्ररी. परब, तिसरा मजला.' संध्याकाळी तळमजल्याच्या पाटकर काकू कापडी पिशवी घेऊन हजर, दिवाळी अंक मागायला. काकांनी त्यांना तासभर एकोणसाठ समजावलं आणि पिशवीत सीडी टाकली. काकू निघाल्या, दारातून म्हणाल्या, "परत कधी आणून देऊ?"

"परत नको. फुडे कोणाक तरी देवा."

मी अंधेरीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत, त्यामुळे प्रत्येक सुधारित आवृत्तीची सीडी मला सक्तीने. मी त्या बाल्कनीत टांगल्या. चमकल्या की कबुतरं येत नाहीत, झकास उपाय. काकांनी खालून बघितलं. म्हटलं, आता वाट लागली. तर म्हणाले, "पावसात भिजतली रे, दुसरी देतंय."

अशा माणसाचा अपमान तरी कसा करायचा?

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत, लायब्ररी कोणी घेतंय का. सकाळी उठून आधी वेबसाइट बघायची. रोज पाचजण घेऊन जायचे. कोण, कुठले, काही ठाऊक नाही. पण काका त्यांना 'आपली पाच माणसां' म्हणायचे. "माझा काय चुकला तर पाच जणांचा काम बिघडात," म्हणून एकेक ओळ पुन्हा तपासायचे.

मी एकदा वेबसाइटवरचा तो हिशेब पाहिला. माणसं कसली! इंटरनेटवर सगळ्या वेबसाइटी चाळत फिरणारे आपोआप प्रोग्राम असतात, ते रोज येऊन फाइल उचलून जायचे. वापरणारा एकही नव्हता. हे सांगून टाकायचं मी कितीदा ठरवलं. चांगुलपणाने नव्हे, त्यांचं तोंड कसं होतं ते बघायला.

संधी आली गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. सोसायटीत अर्ध्या दारांना कुलपं. सकाळीच काका माझ्या दारात, दाढी वाढलेली.

"काल चार जण येवक नाय रे. एकच इलो. आजारी नसतले मां?"

"काका, ती माणसं म्हणजे ना..." मी सुरुवात केली. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू घरातलंच कोणी हॉस्पिटलात असावं. मला माझीच लाज वाटली.

"...गणपती नाही का, काका? गावी गेली असतील."

"व्हय रे! कोकणातलेच आसतले. म्हणान तर मराठी आकडे व्हये!" काकांचा चेहरा खुलला. जिन्याकडे वळले आणि दोन पायऱ्या चढून थांबले.

"मग तो एकच कसो रवलो?"

उत्तरही काकांनीच दिलं.

"तेचा गावाक आता कोण नाय आसतला." कठडा धरून वर बघितलं. "तेका आज काय अडला तर? मी घरीच आसंय."

आणि भरभर जिना चढून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.