पंच्याहत्तरीचं गाणं

"ताई, माझ्या स्तुतीचा एक शब्द जरी कानावर आला ना, तर मी मागच्या दारानं निघून जाईन. सांगून ठेवतोय."

कोटाची बटणं लावता लावता टोर्किल्डनं हे तिसऱ्यांदा बजावलं. एलिनोरनं भावाची टायची गाठ सारखी केली आणि म्हणाली, "स्तुती कोण करतंय? जेवायला बोलावलंय तुला. मुकाट्यानं चल."

पण आतून ती चपापली होती. टोर्किल्ड आज पंच्याहत्तर वर्षांचा झाला होता. अठरा सिनेमे त्यानं काढले होते आणि परदेशातली बक्षिसं त्याच्या घरात पुस्तकांना टेकू म्हणून उभी होती. डेन्मार्कमध्ये कुणाचा असा मोठा वाढदिवस असला, की जवळच्या माणसानं त्याच्या आयुष्यावर गाणं रचायचं, छापायचं आणि सगळ्यांनी जेवता जेवता ते एका सुरात म्हणायचं. टोर्किल्डचं गाणं एलिनोरनंच रचलं होतं. चौदा कडवी होती, आणि चौदाही कडव्यांत स्तुतीशिवाय दुसरं काही नव्हतं. भावाची थट्टा करायची म्हणून ती बसायची, पण लेखणी आपली कौतुकाकडेच वळायची.

खरी काळजी निराळीच होती. टोर्किल्डच्या शेवटच्या सिनेमात एक म्हातारा कोळी मरतो. त्या प्रसंगाला लोकांनी रडायला हवं होतं, ते हसले. एक दिवस नाही, गावोगाव हसले. तेव्हापासून सहा वर्षं टोर्किल्ड घरात बसून होता. आता नव्या सिनेमाला पैसे देणाऱ्या सरकारी चित्रपट संस्थेची मंजुरी मिळाली होती. सोमवारपर्यंत त्याची सही हवी होती. निर्माती आस्ता तो कागद पर्समध्ये घेऊन कोपनहेगनहून आली होती.

"बाई, आज तो खुश झाला तरच सही करील," ती एलिनोरला म्हणाली होती. "रागावून उठला, तर संपलं सगळं."

एलिनोरनं चाळीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. शिस्त तिच्या अंगात भिनलेली. गाण्याचे कागद तिनं वाचनालयात पिवळ्या कागदावर छापून घेतले, गुंडाळले आणि प्रत्येकाला लाल फीत बांधली. कुणी आधी उघडून वाचू नये, म्हणून. तिची ही पद्धत गावाला इतकी अंगवळणी पडली होती, की आता सगळेच पिवळ्या कागदाला लाल फीत बांधत.

त्याच दिवशी गावच्या खाणावळीत दुसरीही मेजवानी होती. नळदुरुस्ती करणाऱ्या प्रेबनची साठी. सिनेमावाल्यांसाठी लहान दालन ठेवलं होतं आणि प्रेबनच्या गोतावळ्यासाठी मोठं. सकाळी कोपनहेगनहून आणखी वीस पाहुणे येत असल्याचा फोन आला, तेव्हा खाणावळीच्या बोडिलनं दालनांची अदलाबदल केली. पाहुणे बदलले, फुलं बदलली, केक बदलला. ताटाशेजारी ठेवून झालेल्या गुंडाळ्या मात्र होत्या तिथंच राहिल्या.

हेरिंग मासे झाले, भाजलेलं डुकराचं मटण आणि बटाटे आले. एलिनोर उभी राहिली. "आता गाणं! फिती सोडा."

पियानोवर चर्चचा वादक मोएन्स बसला होता. त्याला ऐकू कमी येई, पण बोटं पक्की होती. सूर लागला आणि सगळं दालन गाऊ लागलं. पहिलं कडवं नेहमीचंच होतं, की आम्ही सारे जमलो, आनंद झाला. मग दुसरं आलं:

*तीन लेकींचा बाप तू गुणी, गाडीत पाने-हातोडे,*
*गटारामध्ये पडलास तरी म्हणालास, "काम उरलंय थोडे!"*

एलिनोरच्या हातातला काटा खाली पडला. टोर्किल्डनं तर लग्नच केलं नव्हतं.

"मोएन्स, थांब!" ती ओरडली. मोएन्सनं मान डोलावली आणि आणखी जोरात वाजवू लागला.

दालनातले अर्धे गावकरी तिचेच विद्यार्थी. त्यांना कळलं होतं, की हे प्रेबनचं गाणं आहे. पण सुरू केलेलं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचं, हे बाईंनीच त्यांना पहिलीत शिकवलं होतं. ते माना खाली घालून, खांदे हलवत गात राहिले. कोपनहेगनची मंडळी मात्र गंभीर होती. एक प्रसिद्ध समीक्षक डोळे पुसत शेजारणीला म्हणाला, "गटार! काय विलक्षण कल्पना आहे. कलावंताचं सगळं आयुष्यच आलं यात."

*चर्चमधला पाइप फुटला, पाणी आलं भसाभस,*
*चार तास तू हातानं धरलास, शाब्बास रे शाब्बास!*

एलिनोरनं भीत भीत भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. गेलं, ती मनात म्हणाली, उठतोय आता.

टोर्किल्ड उठला. आणि पोट धरून परत खाली बसला. सहा वर्षांत हसला नव्हता, तो एकदम हसला. "म्हणा, म्हणा!" तो टेबलावर थाप मारून ओरडला. "पाइपाचं पुन्हा म्हणा!"

गाणं संपलं, तीनदा जयजयकार झाला, तोच दार उघडून प्रेबन आत आला. त्याच्या हातात पिवळा कागद होता आणि डोळ्यांत पाणी.

"बाई, तुम्ही लिहिलंय का हे? 'देशोदेशी तुझी कीर्ती, राजा तू रे पडद्याचा.' आमच्या लोकांनी चौदा कडवी म्हटली. बायको विचारतेय, कुठले पडदे? मी न्हाणीघरातले बसवलेत, पण देशोदेशी नाही हो."

"चुकून झालं रे बाळा," एलिनोर म्हणाली. "तुझं ते इकडे म्हटलं आम्ही."

"असू दे. साठ वर्षांत मला कुणी राजा म्हणालं नव्हतं."

टोर्किल्डनं खुर्ची पुढे ओढली. "बस इथं. खरंच चार तास धरलास पाइप?"

"पाच तास. गाण्यात बसेना, म्हणून मेव्हण्यानं चार केले."

"आणि पाच तास केलंस काय?"

"काय करणार? मी तळघरात, आणि वर नाताळच्या एकामागून एक प्रार्थना चालल्या होत्या. हाक मारली तर पाद्री थांबेल, सोडला पाइप तर पाणी वर चढून सगळे भिजतील. मग मीही खालून म्हटली सगळी स्तोत्रं. नाकाला खाज सुटली होती, ती भिंतीला घासून भागवली."

लोक खो खो हसले. आस्तानं घाबरून एलिनोरचा हात धरला. हसणं ऐकून हा पुन्हा बिथरला तर? टोर्किल्ड त्या हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत होता. मग हळूच म्हणाला, "बघ ताई, हसतायत, पण एकाचीही नजर याच्यावरून हलत नाहीये. माझ्या कोळ्याला हसले, तेही असेच हसले असतील. मी पडद्याकडे बघत होतो, लोकांकडे बघितलंच नाही."

त्यानं हात पुढे केला. "आस्ता, कागद काढ."

"पण मंजुरी दीपगृहाच्या गोष्टीला आहे. त्यात रखवालदार मरतो."

"मरू नको म्हणावं त्याला. खाली पाइप धरून बसवू त्याला. ते मी लिहून देतो संस्थेला." त्यानं सही ठोकली. टाळ्या अशा पडल्या, की पलीकडच्या दालनातली माणसं केकच्या बशा घेऊन दारात गोळा झाली.

टोर्किल्डला टाळ्यांचं भान नव्हतं. कोट काढून त्यानं खुर्चीवर फेकला होता. "प्रेबन, तळघरात शिरलास कसा, दाखव. इतक्या घाईनं नाही! पुन्हा. कंदील कुठल्या हातात होता?"

"कंदील नव्हता, बॅटरी होती. दातांत."

"दातांत! वा!"

"अरे, त्याचा केक तरी खाऊ दे त्याला," एलिनोर म्हणाली. "शिवाय त्या दिवशी चर्चमध्ये मीही—"

"ताई, गप्प बस! काम चाललंय!"

बाईंना गप्प बस म्हणायची छाती आजवर गावात कुणाची झाली नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

एलिनोरनं हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि शहाण्या मुलीसारखी पहिल्या रांगेत जाऊन बसली.