सीटखालचं नाव

नवी सायकल विकली की भाऊ लेले तिची सीट उलटी करतात आणि खालच्या बाजूला तांबड्या रंगानं स्वतःचं नाव लिहितात. गिऱ्हाइकाला वाटतं, जाहिरात असेल. पण जाहिरात कुणी सीटखाली करतं का?

"कंपनी पंजाबात," भाऊ समजावतात. "तिथून माल येतो सुट्टा, खोक्यात. जोडतो मी. उद्या काही निखळलं तर शिव्या द्यायला पंजाबला जाणार का? जिम्मेदार माणूस जवळचा असावा."

लेल्यांचं घराणं भिक्षुकीचं. थोरले बंधू इथं काशीत दशाश्वमेध घाटावर यजमानांच्या पितरांची सोय लावतात. "मी हयात माणसांची लावतो," असं भाऊ म्हणतात. सोयही साधी नाही. हँडलला झेंडूची माळ घातली की पहिली फेरी ते स्वतः मारतात. दगडी गल्ल्यांतून, बसलेल्या सांडांना वळसे घालत, कान चाकाकडे लावून. आणि ज्यानं सायकल घेतली तो बिचारा मागून धावतो.

"नई साइकिल है भाऊ, पहले आप ही चलाइएगा?" एकानं चिडून विचारलं होतं.

"गिरना है तो पहले हम गिरें," भाऊ म्हणाले आणि पुढच्या वळणाला दिसेनासे झाले.

काशीतल्या आम्हां मराठी मंडळींना या माणसाचा अभिमान आहे. मला तर सर्वांत जास्त असायला हवा. कारण त्यांच्या नावाला जो एकच डाग लागला, तो मी लावला. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी बरंच काही विसरलो, पण हे विसरलो नाही.

माझी नात मुक्ता तेव्हा नववीत होती. तिला भाऊंकडून नवी सायकल घेतली. "महिन्यातून एकदा नटबोल्ट कसायला आणा," भाऊंनी बजावलं होतं. आठवड्यातच डावं पॅडल कुरकुरायला लागलं. एवढ्याशासाठी दुकानात कशाला जायचं? मी घरातली पक्कड घेतली आणि कुठलाही स्क्रू आवळतात तसं उजवीकडे दाबून फिरवलं. पॅडल हललं. मी खूश.

चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर ते पॅडल निखळलं. मुक्ताच्या हनुवटीला तीन टाके पडले.

तिला आणि सायकलीला घेऊन मी दुकानात गेलो आणि शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या गर्दीसमोर भाऊंना नाही नाही ते बोललो. "तुमच्या नावाला काय चाटायचंय? पोरीचा दात गेला असता!"

भाऊंनी वाकून मोडलेले आटे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उठून हात जोडले. "चूक माझी, नाना. जिम्मेदार मी."

त्यांनी तिथंच पॅडलचा नवा दांडा बसवला, नवं पॅडल घेतलं आणि ते आवळायला पाना डावीकडे फिरवला. मी बघतच राहिलो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी आवळलं नव्हतं, सैल केलं होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी गप्प घरी आलो.

बनारस असली गोष्ट सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवरून हाक सुरू झाली, "का हो पैडल गुरू!" वर्षानुवर्षं भाऊ त्या हाकेला ओ देत राहिले. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाना घेऊन आमच्या घरी येत राहिले, मुक्ताची सायकल कसायला.

मुक्ता आता पुण्याला शिकते. सायकल जिन्याखाली उभी असते. तरी परवाच्या रविवारी भाऊ आले, उकिडवे बसले. मी सगळं सांगून टाकलं. पक्कड, उजवीकडे, सगळं.

"माहीत आहे," ते पाना न थांबवता म्हणाले. "पॅडलवर पक्कडीचे दात उमटले होते. आमच्याकडे पक्कड लावत नाहीत."

"मग बोलला का नाहीत? अहो, लोक तुम्हाला अजून..."

"पोरगी उभी होती ना तिथं. हनुवटीला पट्टी, आणि तुमची बाही घट्ट धरून."

मी सीट उलटी केली आणि म्हणालो, "रंग द्या. हे नाव खोडतो. इथं माझं हवं."

भाऊंनी पिशवीतून डबी काढली, पण माझा हात धरला. "खोडायचं नाही हं, नाना. सायकल मीच जोडली आहे. खाली जागा आहे, तिथं लिहा."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. भाऊंनी मान तिरकी करून वाचलं आणि पाना माझ्या हातात दिला.

"आता डावं पॅडल," ते म्हणाले. "तुम्ही आवळा. मी बघतो."