सात पिढ्यांचा खड्डा

रेश्मानं माहेराहून, माधवनगरहून, सासऱ्यांना फोनवर रोखठोक सांगितलं, "मामा, घरात संडास झाल्याबिगर मी कुंडलला येत न्हाई. तांब्या घिऊन उसात जायाचं माझ्यानं हुनार न्हाई."

ज्ञानूला हे झोंबलं, पण खरी धास्ती वेगळीच होती. फौजेतला मुलगा जयराज रजेवर येत होता. सून माहेरी म्हटल्यावर पोरगाही तिकडंच मुक्काम ठोकणार आणि अख्खी रजा सासरवाडीच्या पलंगावर संपवणार! गावात मग तोंड कुठं लपवायचं?

"बांधतो," ज्ञानू म्हणाला. "असा बांधतो की तालुका बघाया यील."

"लय मोठा नको, मामा. कमरेएवढे दोन खड्डे बास. एक भरला की दुसरा वापरायचा, तवर पहिल्याचं खत हुतंय."

फोन ठेवून ज्ञानू बायकोवर, मनुबाईवर, उखडला. "कमरेएवढा खड्डा! ह्यांच्या घरात खायाला न्हाई, म्हनतील लोक."

आता, आमच्याकडं संडासाची इज्जत खड्ड्यावर ठरते. वर पत्रा असो नाहीतर गोणपाट, माणसं विचारतात ते एकच, खड्डा किती फुटी? शेजारच्या अर्जुनाचा पंधरा फुटी होता. म्हणजे ज्ञानूला त्याच्याखाली जाणं भागच होतं. त्यानं जेसीबी आणला आणि ड्रायव्हरला बजावलं, "सात पिढ्या उपसाया लागू ने!"

वीस फुटांवर खालून पाणी फुटलं.

बादलीतला गाळ खाली बसल्यावर मनुबाईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि किंचाळलीच, "आवं, ग्वाड हाय!"

गल्लीतल्या सगळ्या बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजेल तर शपथ. त्यामुळं घटकाभरात सगळी गल्ली ज्ञानूच्या परसात जमली. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, अर्जुनानं नारळ फोडला, आणि संडासाच्या खड्ड्याची पाच सवाष्णींनी यथासांग ओटी भरली. ज्ञानू फेटा बांधून कडेला उभा होता.

"आन् संडास?" मनुबाईनं हळूच विचारलं.

"गप ग! गंगा आलीया दारात, त्यात काय करतीस?"

अर्जुनाला तर भरून आलं. "गड्या, गंगामाईच्या उशाला मी परसाकडं बसू व्हय?" असं म्हणून त्यानं आपल्या संडासाला कुलूप ठोकलं आणि किल्ली भक्तिभावानं त्या पाण्यात सोडली. मग इतरांना कसं मागं राहवेल? गल्लीतल्या एकूण एक संडासाला कुलूप लागलं आणि किल्ल्या गंगार्पण झाल्या. एक संडास बांधायला निघालेल्या ज्ञानूनं होते तेवढे बंद पाडले.

पुढचे दोन-तीन दिवस गल्लीनं त्या पाण्याच्या चहाचं कोडकौतुक केलं. मग एका सकाळी अर्जुनाच्या पोटात पहिली कळ उठली. न्याहारीच्या वेळेपर्यंत सगळी गल्ली पोट धरून धावत सुटली. कुलपं दाराला, किल्ल्या गंगेच्या तळाला. माणसं उसाकडं पळत होती, परत येत होती, आणि आलेली तशीच माघारी वळत होती.

नेमका त्याच वेळी जयराज जीप घेऊन आला. चार दिवसांपुरतं तरी चल, अशी समजूत घालून त्यानं रेश्मालाही आणलं होतं. रेश्मा पाया पडायला वाकली आणि उठून बघते तर सासरा उसात!

"आबा, पळताय कुठं?" जयराज ओरडला.

"मागनं सांगतो!" उसातून आवाज आला.

रेश्मानं खड्डा बघितला, भिंतीपलीकडं डोकावून अर्जुनाचा संडास बघितला आणि विचारलं, "अर्जुनामामा, तुमच्या खड्ड्याला तळ बांधलाय का?"

"कशाला? सगळं मुरतंय खाली," अर्जुना पोट दाबत, पण तोऱ्यात म्हणाला. "एवढी वर्सं झाली, एकदा बी भरला न्हाई!"

"मुरून जातंय कुठं?"

अर्जुनानं भिंतीकडं बघितलं, मग खड्ड्याकडं. मनुबाईनं तोंडाला पदर लावला. नुकत्याच परतलेल्या ज्ञानूनं तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला आणि पुन्हा उसाची वाट धरली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "थोडे दिवस संडास अगदी जवळ पाहिजे."

"मग चला माधवनगरला," रेश्मा सासूसासऱ्यांना म्हणाली. "आमच्याकडं दोन हायत."

जयराजनं दोघांना जीपमध्ये घातलं. तासगावपर्यंत एकही द्राक्षबाग अशी राहिली नाही, जिथं जीप थांबली नाही.

पोरगा आणि सून मग कुंडललाच राहिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुलपं फोडून दिली, गंगामाई मुरमानं बुजवली, अर्जुनाला त्याचा खड्डा बदलायला लावला आणि परसात कमरेएवढे दोन खड्डे घेऊन संडास उभा केला. रजा संपत आली तसा जयराजनं वडलांना फोन लावला.

"आबा, संडास तयार हाय. घ्यायला कवा येऊ?"

ज्ञानू विहीणबाईंनी दिलेला ताकभात संपवून व्याह्याच्या पलंगावर आडवा झाला होता. दोन्ही संडास हाकेच्या अंतरावर होते.

"एवढी घाई कशाला करतोस?" तो म्हणाला. "फरशी नीट वाळू दे की रं!"