नव्वद टक्के मयत

आमच्या गावचे निवृत्त सुभेदार नानासो हे बारा तारखेला नव्वद टक्के मयत झाले, अशी नोंद साताऱ्याच्या योजना कक्षात आहे. त्या वेळी ते कक्षाबाहेरच्या बाकावर भडंग खात होते.

झालं असं. नानासोंच्या मांडीच्या स्नायूत कॅन्सरची गाठ निघाली. केमोचे तीन डोस झाले आणि कराडच्या दवाखान्यात पुन्हा एमआरआय काढला. गाठ आठ सेंटिमीटर होती, ती आठच भरली. त्यांच्या बायकोचा, अंबूबाईंचा चेहराच उतरला.

"आवं डॉक्टरीणबाई, डोक्यावरचं समदं केस गेलं, आन् गाठ हाय तेवढीच?"

"मावशी, नुसतं माप बघू नका," डॉ. राजेश्वरी म्हणाल्या. "एमआरआयच्या वेळी शिरेतून सोडलेलं औषध गाठीच्या जिवंत भागात शिरतं, मेलेल्या भागात शिरत नाही. गाठ बाहेरून तेवढीच आहे, पण आतून नव्वद टक्के मेली आहे. महिन्याभरात ऑपरेशन करू. काकांचा पाय वाचेल."

अंबूबाईंनी तिथंच हात जोडले.

राहिली ऑपरेशनच्या खर्चाला सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी. योजनेच्या अर्जात गाठीसाठी रकाना एकच: 'आकार कमी झाला काय? होय/नाही.' मेलेल्या गाठीची सोयच नाही! म्हणून डॉक्टरांनी शेऱ्यात लिहिलं, 'मृत, ९० टक्के'. कक्षातल्या उदयसिंहांच्या संगणकात 'मृत' हा शब्द फक्त रुग्णाच्या नावापुढे बसत होता. त्यांनी तो तिथं बसवला. माणूस कामाला चोख.

"सायेब, मी जिता हाय की," नानासो म्हणाले.

"दहा टक्के आहात, ते आम्ही नाकारत नाही. पण निम्म्याहून जास्त मयत असलेल्याला लाभार्थी म्हणता येत नाही. वारसानं अर्ज करायचा."

"मंग हिच्या नावानं करा."

"मृत्यूचा दाखला लागेल."

"त्यो कोन देनार?"

"ग्रामपंचायत. शंभर टक्के झालात की लगेच देतील."

नानासोंनी दुरुस्तीचा अर्ज केला. मयताची सही ग्राह्य नाही, म्हणून तो योजनेच्या मुंबईच्या मुख्य कार्यालयातून परत आला. अंबूबाईंनी केला, तर रुग्ण दहा टक्के हयात असताना वारस कसला, म्हणून तोही आला. ह्यात तीन महिने गेले. मग रिपोर्ट जुना झाला, नवा आणा, असा आदेश निघाला.

नव्या एमआरआयमध्ये मेलेला भाग साठ टक्क्यांवर आला होता. उरलेल्या गाठीनं हातपाय पसरले होते. डॉ. राजेश्वरींनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. "पायाचं आता मला सांगता येत नाही, काका," त्या म्हणाल्या.

उदयसिंह मात्र खुर्चीतून उठले. "अभिनंदन! नव्वदचे साठ झालात. पन्नासच्या खाली या, मंजुरी आपोआप निघेल."

"आवं, ती गाठ जिती व्हाय लागलीया, मी न्हाई!" नानासो ओरडले. मागच्या रांगेतल्यांनी त्यांना घाई करायला सांगितलं.

कक्षानं 'रुग्ण सुधारणेच्या मार्गावर' असं शिक्क्याचं पत्र दिलं. ते मी रिपोर्टासकट गावच्या ग्रुपवर टाकलं. ॲडमिन मीच आहे. संध्याकाळपर्यंत शंभरावर अंगठे आणि पुष्पगुच्छ पडले. शेवटी नानासोंनी स्वतः लिहिलं, "रिपोर्ट कुनी वाचला का?"

त्यालाही सगळ्यांनी अंगठाच दिला. त्यात तुमचाही होता, मी बघितला.