नथ्थूआप्पा काय जेवले

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. नथ्थूआप्पा हिरव्या मिरच्या ठेवत. देठं वर, टोकं खाली, अगदी नीट ओळीने. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली की ते कँटीनच्या बाकावर बसत, समोर आलेल्या गोड गुजराती डाळीकडे दुःखाने बघत आणि खिशातून एक मिरची काढून कचकन तोडत. मग आख्ख्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "अरे भो, हाई दाय शे का खीर?"

वाढणारा महाराज रोज चिडायचा. आप्पा रोज तीच डाळ दोनदा मागून घ्यायचे.

ते अमळनेरकडचे. बमरोलीला आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे, एकटे. बायको सुरतेला यायच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. चाळीत कुणाच्या घरी फोडणी पडली की आप्पा दारातूनच निकाल देत. "रमेशभाऊ, आज तुमच्याकडे लसूण करपला." रमेश म्हणजे मी. माझी बायको सुमन आतून ओरडायची, "मग या ना खायला!" त्यावर आप्पा पोटावरून हात फिरवत आणि कुठल्याशा मेजवानीचं वर्णन सुरू करत. भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. सुमनला मात्र भिंतीपलीकडून स्टोव्हचा आवाज क्वचितच यायचा.

मिरचीच्या जोडीला तंबाखू होतीच. गालात कायम एक गोळी. त्याच गालात आतून फोड आला, तो बरा होईना. "मिरचीने जळलं असेल," म्हणत आप्पांनी बरेच महिने काढले. शेवटी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मिरची बंद का?"

डॉक्टर म्हणाले, "काका, तंबाखू आधी बंद."

"ती करतो हो. मिरचीचं बोला."

मिरचीही बंद झाली. शेक सुरू झाले. मशीनच्या किरणांना तिथे सगळे शेकच म्हणायचे. मिलमधून आप्पांना रजा मिळाली होती. मी रात्रपाळी मागून घेतली आणि जमेल तसा शेअरच्या शटल रिक्षाने त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

शेक घेणाऱ्या माणसांनी काय खावं हे सांगायला तिथे एक बेन बसायच्या. तरुण, गुजराती, चष्म्याची. त्या आधी वजन करायच्या, मग समोर बसवून विचारायच्या, "शुं खाधुं, काका?" काय खाल्लंत? मऊ खायचं, निवलेलं खायचं, थोडं थोडं पण पुष्कळदा खायचं. दूध, दही, डाळ, तूप सोडायचं नाही. मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायच्या, संध्याकाळी चालायचं. अंडं खा हेही सांगायच्या, पण जैन असाव्यात, कारण तो शब्द आला की आवाज एकदम बारीक करायच्या. आप्पाही तितक्याच बारीक आवाजात "बरं" म्हणायचे. दोघं काहीतरी चोरीचा बेत करताहेत असं वाटायचं.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "घरी रांधतं कोण?"

"मंडळी आहेत ना," आप्पा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

त्यानंतर दर आठवड्याला मंडळींचा स्वयंपाक रंगत गेला. मंडळींनी शिरा केला. मंडळींनी मुगाची पातळ खिचडी केली, पण हळद जरा जास्त पडली. मंडळी फार कडक, ताट रिकामं झाल्याशिवाय उठू देत नाहीत. बेन खूश होऊन म्हणायच्या, "काकींना सांगा, बहु सरस!" आप्पा लाजायचे. खरंच लाजायचे.

वजन मात्र उतरत होतं. चहात बुडवलेली बिस्किटं आणि तीही निम्मी कपात टाकलेली, असं त्यांचं जेवण चाललं होतं. तोंडात आतून सालटं निघाली होती. एके दिवशी बेननी काट्याकडे दोनदा पाहिलं आणि चष्मा काढला.

"काका, हे असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नाहीतर डॉक्टर शेक थांबवतील. मग आजार वाढेल. पुढच्या वेळी काकींना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलायचंय."

 परतताना बमरोलीला उतरल्यावर आप्पा म्हणाले, "भो, मंडळी गावाला गेल्यात म्हणून सांगू का?"

मी घरी येऊन हे सुमनला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पुढच्या भेटीला ती स्वतःच निघाली, चांगली साडी नेसून. आप्पा रिक्षात अंग चोरून बसले होते.

बेन उठून उभ्या राहिल्या. "आवो काकी!"

"मी काकी नाही," सुमन म्हणाली. "मी शेजारीण. यांची बायको वारली, त्याला फार वर्षं झाली. आता काय करून घालायचं ते मला सांगा."

आप्पांनी मान खाली घातली.  बेननी एक खुर्ची आप्पांच्या शेजारी ओढली, सुमनला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून सुमन आणि आप्पा यांच्यात युद्ध सुरू झालं. ती वाटी घेऊन त्यांच्या उंबऱ्यात बसायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायची नाही. दाण्याचं कूट घातलेली खिचडी, तूप सोडलेली बाजरीची गोड पातळ पेज, म्हणजे राब, दुधात कुस्करलेलं केळं. आप्पांची चव पार गेली होती. न रंगवलेल्या कोऱ्या कापडाला मिलमध्ये ग्रे म्हणतात. आप्पा पहिला चमचा गिळायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तशातही म्हणायचे, "वहिनी, हा तर नुसता ग्रे माल. रंग कधी देणार?"

"आधी गिळा. रंगाचं मग बघू."

एकदा त्यांनी खिचडी मागच्या बाजूला कुत्र्याला घातली. कुत्रं आनंदाने भुंकलं आणि चोरी उघडी पडली. सुमनने तितकीच खिचडी पुन्हा वाढून आणली.

संध्याकाळी मी त्यांना चालायला न्यायचो, खाडीच्या बाजूने. आधी ते दिव्याच्या दोन खांबांमधल्या अंतरातच थकायचे. एकदा बसल्या बसल्या आपणहून म्हणाले, "मी खोटं नाही बोललो, भो. ती असती तर तिने शिराच केला असता. हळद मात्र जास्तच घालायची. कशातही." मग त्यांनी चपलेतला खडा काढून टाकला. "बेनने विचारलं कोण रांधतं, तर तोंडातून निघून गेलं. आणि मग दर आठवड्याला कुणीतरी तिची चौकशी करायला लागलं. मला ते थांबवता येईना."

काट्याची घसरण थांबली. नळी घालावी लागली नाही. शेक पुरे झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी राब पिता पिता आप्पा थबकले. "वहिनी," ते ओरडले, "रंग धरतोय! गूळ लागला!" सुमन पदराने डोळे पुसत आत गेली आणि आतून म्हणाली, "लागणारच. किलोभर घातलाय."

डॉक्टरांनी तोंड तपासून समाधान व्यक्त केलं. आता दर आठवड्याला यायची गरज नाही, काही महिन्यांनी या, असं सांगितलं. बेननी हात जोडून निरोप दिला. चाळीत आम्ही पेढे वाटले. आप्पांनी सुमनला सांगितलं, "वहिनी, आता वाटी आणू नका. फार केलंत. मी माझं करीन." आणि खरंच, भिंतीपलीकडून रोज स्टोव्हचा आवाज येऊ लागला. ते पुन्हा मिलमध्ये जाऊ लागले. आम्हाला वाटलं, माणूस मार्गी लागला.

मग एका सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे राहिले. "भो, दवाखान्यात जायचंय. येतोस?"

मी हातातला चहा खाली ठेवला. "दुखतंय का? गाठ लागतेय?"

"चल तर."

रिक्षात मी दोनदा विचारलं. ते शर्टाची इस्त्री सांभाळत बसले. दवाखान्यात पोचल्यावर मी डॉक्टरांच्या रांगेकडे वळलो, तर आप्पा सरळ पुढे गेले आणि बेनच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बराच वेळ आम्ही बसून होतो. शेवटी बेन बाहेर आल्या, आप्पांना पाहून थबकल्या आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"काका? आज तर तुमची तारीख नाही. काही त्रास होतोय?"

"नाही बेन, त्रास काही नाही." आप्पा उठले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "आज सकाळी राब केली होती. सगळी संपवली. तेवढंच सांगायला आलो."

बेननी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आत पेशंट बसलेले दिसत होते. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि बाकावर आप्पांच्या शेजारी बसल्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "अने दुपारी काय करणार?"