पिसांचा तपास

"कारण असतंच. शोधणारा माणूस लागतो," चिंतामणराव कप बशीत ठेवत म्हणाले आणि तो माणूस समोरच बसलाय हे बायकोला, नलूताईंना, कळावं म्हणून जरा ताठ झाले. विमा कंपनीत त्यांचा सगळा जन्म लोकांचे दावे तपासण्यात गेला होता. ज्यानं गोदामांच्या आगीची कारणं शोधली, त्याला तीन कोंबड्यांची पिसं का गळतात हे शोधणं म्हणजे डाव्या हातचा मळ!

"मग शोधा," नलूताई म्हणाल्या. "गौरींना माझं सगळं माहेर येतंय. या तिघी अशा उघड्याबोडक्या अंगणात फिरलेल्या मला चालायच्या नाहीत. गणपतीच्या आत सुधारल्या नाहीत तर प्रफुल्ल त्यांना पेणला घेऊन जाईल."

प्रफुल्ल हा नलूताईंचा धाकटा भाऊ. त्याची वाडी मोठी, मन त्याहून मोठं आणि भूक सगळ्यांत मोठी. त्याच्याकडे गेलेली कोंबडी पुन्हा कुणाला दिसली नव्हती. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं खोताच्या वाडीत दुसरं होतं कोण? ठमी, गोदी आणि बायजा. तिघींवर त्यांचा जीव होता.

पहिला संशय उवांवर. इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणून त्यांनी अंगणात ढीग घातला. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळल्या, मग दोरीखाली गेल्या आणि तिथे तिघींनी अंग झाडलं. दोरीवर गौरींसाठी धुतलेल्या पांढऱ्या चादरी होत्या. त्या दुपारी चिंतामणरावांच्या आमटीत मीठ नव्हतं, पण मागायची त्यांची छाती झाली नाही.

दुसरा संशय शेजारच्या ब्रिजिटच्या कोंबड्यावर. ब्रिजिट त्यांची लहानपणापासूनची शेजारीण, पण तपासात ओळख बघायची नसते.

"तुझा सीझर भिंतीवरून येऊन आमच्या पोरींची पिसं ओरबाडतो," चिंतामणराव तिला म्हणाले.

"सीझर? अरे, त्याला पायरी चढवत नाय, भिंत कुठली चढतो? म्हातारा झाला तो, तुझ्यासारखा."

चिंतामणरावांनी तरीही भिंतीवर जाळी ठोकली. पिसं गळतच राहिली. भर म्हणून ब्रिजिटनं बोलणं टाकलं आणि तिच्याकडून येणारं पपईचं ताट बंद झालं, याबद्दल नलूताईंनी त्यांना जे ऐकवलं ते वेगळंच.

शेवटी ते अंगणात खुर्ची टाकून नुसते बघत बसले. बराच वेळ काही घडलं नाही. मग ठमी सावकाश गोदीच्या मागे गेली, तिच्या पाठीवरचं एक पीस उपटलं आणि गिळून टाकलं. गोदीनं निमूट मान वळवली आणि बायजाचं उपटलं.

चिंतामणराव मान खाली घालून ब्रिजिटच्या दारात गेले. "ब्रिजिट, चुकलं माझं. त्या एकमेकींची पिसं खातायत."

ब्रिजिटनं त्यांना थोडा वेळ उभं ठेवलं. मग विचारलं, "खायला काय घालतोस?"

"भात, पोळीचा चुरा. सोमवारी साबुदाण्याची खिचडी."

"आणि जवळा? रोज मूठभर घालायचास ना?"

"श्रावण आहे. नलूनं सुक्या मासळीचा डबाच घासून ठेवलाय."

ब्रिजिट हसत हसत पायरीवरच बसली. "चिंतू, कोंबड्यांना श्रावण पाळायला लावला तुम्ही? अंगात ताकद नको? पिसं नाय खाणार तर काय करणार बिचाऱ्या?"

घरी येऊन त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. आता आपली खैर नाही असं त्यांना वाटत होतं, पण नलूताईंचे डोळे भरून आले. "घरचा नेम तो सगळ्यांचा, असं धरून चालले मी. मुक्या जिवांची उपासमार केली." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी हुकूम सोडला. जवळा ब्रिजिटनं भाजायचा, चिंतामणरावांनी अंगणातच घालायचा आणि आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. माणसांचा नेम मात्र गणपती जाईपर्यंत तसाच चालायचा.

पहिल्या दिवशी चिंतामणरावांनी चिमूटभर जवळा तोंडात टाकला. तपासात नमुना घ्यावाच लागतो. दुसऱ्या दिवशी जरा मोठा नमुना घेतला. कुरकुरीत, खारट, वर ब्रिजिटनं चोळलेला लसूण. पुढे पुढे एक मूठ कोंबड्यांना आणि एक तपासाला असं ठरूनच गेलं. मग कोंबड्यांची मूठ लहान व्हायला लागली.

गणपती तोंडावर आले आणि प्रफुल्ल डालगं घेऊन हजर झाला. ठमी, गोदी, बायजा समोर आल्या. पाठीवर नुसते खुंट.

"ताई, यांच्यात काही दम नाही. नेतो मी," प्रफुल्ल म्हणाला. "भावोजी, तुम्ही मात्र छान भरलात. श्रावण मानवला तुम्हाला."

नलूताईंनी कोंबड्यांकडे बघितलं. मग नवऱ्याच्या पोटाकडे बघितलं. मग जवळ जाऊन त्यांच्या मिशीत अडकलेला एक जवळा दोन बोटांनी अलगद काढला आणि ठमीपुढे टाकला.

"प्रफुल्ल, डालगं रिकामंच ने," त्या शांतपणे म्हणाल्या. "कोंबड्या इथेच राहतील, जवळा मी घालीन. यांना घेऊन जा. हे इथे असेपर्यंत त्यांना पिसं यायची नाहीत."

गाडीत बसल्यावर चिंतामणरावांनी हळूच विचारलं, "प्रफुल्ल, तुमच्याकडे ताजी मासळी येत असेल ना?"

"एरवी रोज येते, भावोजी. पण आम्ही पौर्णिमेपासून अळणी धरलंय. अनंत चतुर्दशीपर्यंत मासळी सोडाच, घरात मीठसुद्धा नाही."